मंदावलेल्या लॅपटॉपचे निदान

ज्या पिढीने विहिरीवर तेलाचे इंजिन चालविले, तिला ‘गव्हर्नर’ हा शब्द नवा नाही. निपाणीच्या आसपास वेदगंगेच्या काठी वीज पोहोचण्यापूर्वी, आणि वीज आल्यावरही ती वारंवार जात असे त्या काळी, पाणी उपसण्याचा भरवसा अशा इंजिनावरच असे. पंपाचा भार पडला की इंजिनाचा वेग घटू लागे. मग गव्हर्नरची फिरती वजने आत येत आणि त्यांना जोडलेला दांडा तेलाचा पुरवठा वाढवी. भार उतरला की वेग वाढे, वजने बाहेर फेकली जात आणि तेल आपोआप कमी होई. माणसाने हात न लावता वेग बेताचा राही. जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनावर बसविलेली ही युक्ती होय. १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरू झालेल्या किर्लोस्करांच्या उद्योगाने पुढे तेलाची इंजिने घडविली, तेव्हा हीच युक्ती आपल्याकडील मळ्यामळ्यांतून पोहोचली.

आजच्या लॅपटॉपमध्येही एक गव्हर्नर असतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. त्याला वजने नाहीत, दांडा नाही. तो आज्ञावलीच्या रूपाने वास करतो. परंतु त्याचे काम तेच आहे: भार पाहावा आणि वेग ठरवावा. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या रचनाकारांनी तर त्याला नावही गव्हर्नर हेच दिले आहे. हा गव्हर्नर किंवा त्याच्या हाताखालचा ड्रायव्हर बिघडला म्हणजे लॅपटॉप एकाएकी मंदावतो, आणि घरातील मंडळी ‘यंत्र जुने झाले’ असा निकाल देऊन मोकळी होतात. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे. गोगटे तंत्रशिक्षण संस्थेसारखी महाविद्यालये तर त्याहूनही आधीची, १९७९ सालची आहेत. तेथे शिकणाऱ्या मुलांसाठी आसपासच्या खेड्यांतील कुटुंबे पोटाला चिमटा घेऊन लॅपटॉप घेतात, पुष्कळदा वापरलेला घेतात. अशा घरी चुकीचा निकाल महाग पडतो. म्हणून हा दोष कसा शोधावा, याची पद्धत समजून घेणे हितावह आहे.

प्रथम वेग बदलण्याची गरजच काय, हे पाहिले पाहिजे. प्रोसेसर हा घड्याळाच्या ठोक्यांवर चालतो. सेकंदाला शंभर कोटी ठोके पडले तर त्याची वारंवारता एक गिगाहर्ट्झ झाली. ठोके जितके अधिक, तितके काम अधिक. पण विजेचा खर्चही अधिक. शिवाय ठोके जलद पाडावयाचे तर विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि खर्च हा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. येथेच सारी मेख आहे. इंटेल कंपनीने जानेवारी २००० मध्ये लॅपटॉपसाठी जो पेंटियम-३ प्रोसेसर आणला, तो विजेच्या जोडणीवर असताना ६५० मेगाहर्ट्झने व १.६ व्होल्टवर चाले, आणि बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्झने व १.३५ व्होल्टवर चाले. वेग सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी झाला. पण हिशेब मांडला तर प्रोसेसरच्या कामाचा विजेचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. थोडा वेग सोडावा आणि पुष्कळ वीज वाचवावी, असा हा किफायतीचा सौदा आहे. त्या प्रोसेसरला दोनच पायऱ्या होत्या. आजच्या प्रोसेसरला अनेक पायऱ्या असतात, आणि तो क्षणाक्षणाला त्यांवरून वर-खाली करीत असतो.

ही चढउतार घडवून आणणारी व्यवस्था लिनक्समध्ये तीन भागांत विभागलेली आहे. मधला भाग म्हणजे कचेरीतील मुख्य कारकून. किमान वेग किती, कमाल वेग किती, कोणाची काय मर्यादा, या साऱ्या नोंदी तो ठेवतो. दुसरा भाग म्हणजे गव्हर्नर. कामाचा भार पाहून ‘आता इतका वेग हवा’ असे तो सांगतो. तिसरा भाग म्हणजे ड्रायव्हर. गव्हर्नरचे म्हणणे प्रोसेसरला कळेल अशा भाषेत तो उतरवून देतो. ड्रायव्हरला मुळात कोणत्या पायऱ्या उपलब्ध आहेत हे कळावे, म्हणून लॅपटॉपच्या कारखान्यात भरलेली पायाभूत आज्ञावली, जिला बायोस म्हणतात, ती त्याला एक तक्ता पुरविते. गव्हर्नरचेही प्रकार आहेत. एक सदैव कमाल वेग मागतो, एक सदैव किमान वेग मागतो. २००४ साली इंटेलमधील वेंकटेश पल्लिपाडी यांनी तयार केलेला ‘ऑनडिमांड’ हा गव्हर्नर ठराविक अंतराने भार मोजतो, आणि तो ठरलेल्या टक्केवारीच्या वर गेला की थेट कमाल वेग मागतो. २०१६ साली आलेला ‘शेडयुटिल’ हा गव्हर्नर स्वतंत्र मोजणी करीत बसत नाही. कोणते काम केव्हा चालवावे हे ठरविणाऱ्या विभागाच्या वहीतूनच तो भाराचा अंदाज घेतो.

आता समजा, एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप दोन गिगाहर्ट्झहून अधिक वेगाने चालू शकणारा आहे. एके दिवशी तो ८०० मेगाहर्ट्झवर येऊन बसला आणि तेथून हलेना. अशा वेळी पहिला मोह नवी आज्ञावली भरण्याचा होतो, दुसरा मोह सुटे भाग बदलण्याचा होतो. दोन्ही मोह आवरले पाहिजेत. शासकीय कचेरीत अर्ज अडला म्हणजे जाणता माणूस नवा अर्ज लिहीत बसत नाही. कागद कोणत्या टेबलावर अडला, हे आधी शोधतो. येथेही मागणी चार टेबलांवरून जाते: भाराची मोजणी, गव्हर्नरची मागणी, कारकुनाच्या नोंदीतील मर्यादा आणि प्रोसेसरची प्रत्यक्ष अंमलबजावणी. प्रत्येक टेबलावर काय आले आणि तेथून काय पुढे गेले, हे पाहणे म्हणजेच दोषशोधन.

पहिले काम म्हणजे तक्रारीला आकड्यांत उतरविणे. ‘यंत्र हळू चालते’ हे वाक्य निदानास निरुपयोगी आहे. एखादे ठराविक काम घ्यावे, उदाहरणार्थ एक मोठी फाइल संक्षिप्त करणे, आणि त्यास लागणारा वेळ मोजावा. तेच काम चार्जर लावून, चार्जर काढून, यंत्र थंड असताना आणि तापलेले असताना करून पाहावे. त्या वेळी वेग किती होता, तेही टिपावे. वेग पूर्ण असूनही काम रेंगाळत असेल, तर दोष वेगाच्या व्यवस्थेत नाही. स्मृती अपुरी असेल किंवा साठवणीची तबकडी थकली असेल. एवढ्या एका चाचणीने पुष्कळांचा पुढला खटाटोप वाचतो.

दुसरे काम म्हणजे कारभार कोणाकडे आहे, हे पाहणे. एकाच प्रोसेसरसाठी दोन ड्रायव्हर उपलब्ध असू शकतात. लिनक्समध्ये इंटेलच्या नव्या प्रोसेसरांसाठी २०१३ पासून ‘इंटेल पी-स्टेट’ हा निराळा ड्रायव्हर आला, आणि एएमडीच्या प्रोसेसरांसाठी २०२२ मध्ये ‘एएमडी पी-स्टेट’ आला. नवी आवृत्ती भरल्यावर जुना ड्रायव्हर जाऊन नवा कामावर रुजू झालेला असतो, आणि मालकाला त्याची दादही नसते. यातून एक गमतीचा घोटाळा होतो. जुन्या सर्वसाधारण व्यवस्थेत ‘पॉवरसेव्ह’ नावाचा गव्हर्नर यंत्राला किमान वेगावर बांधून ठेवतो. इंटेल पी-स्टेट ड्रायव्हर स्वतःच निर्णय घेत असतो तेव्हाही ‘पॉवरसेव्ह’ हेच नाव दिसते. तेथे मात्र त्याचा अर्थ भार पाहून वेग बदलणे असा आहे. नाव वाचून दोष समजणारा मनुष्य येथे हटकून फसतो. कित्येक तक्रारींत यंत्र बिघडलेले नसते, नावाचा अर्थ बदललेला असतो.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. मागितलेला वेग, मान्य झालेला वेग आणि प्रत्यक्ष चाललेला वेग हे तीन निरनिराळे आकडे आहेत. पडद्यावर जो आकडा दिसतो तो पुष्कळदा पहिलाच असतो. गव्हर्नरने दोन गिगाहर्ट्झ मागितले म्हणून यंत्र दोन गिगाहर्ट्झने धावले असे होत नाही. मागणीपत्र पाठविले म्हणजे माल आला असे जसे होत नाही, तसेच हे. प्रत्यक्ष वेग जाणण्यासाठी प्रोसेसरच्या आतच दोन गणक बसविलेले असतात. एक गणक कायम ठरलेल्या गतीने वाढतो, दुसरा त्या क्षणीच्या खऱ्या गतीने वाढतो. प्रोसेसर विसावला की दोन्ही थांबतात. समजा, ठरलेली गती दोन गिगाहर्ट्झ आहे. पहिला गणक १०० घरे पुढे गेला तेवढ्यात दुसरा ४० घरेच गेला, तर खरा वेग ०.८ गिगाहर्ट्झ, म्हणजे ८०० मेगाहर्ट्झ निघाला. ‘टर्बोस्टॅट’ नावाचे साधन हाच हिशेब करून दाखविते. २०१७ पासून लिनक्सची वेग सांगणारी नोंदही अशा प्रोसेसरांवर या गणकांच्या आधारे दिली जाऊ लागली.

हे आकडे हाती आले की निदानाची वाट आपोआप दुभंगते. मागणीच कमी असेल तर दोष वरच्या दोन टेबलांवर, म्हणजे मोजणीत किंवा गव्हर्नरमध्ये आहे. मागणी पुरेशी आणि मान्यता कमी असेल, तर कोणीतरी मर्यादा घातली आहे. मागणीही आहे, मान्यताही आहे आणि तरी प्रत्यक्ष वेग कमी असेल, तर प्रोसेसरला त्याच्याही वरचा कोणी थांबवीत आहे.

मागणी कमी पडण्याचे कारण बहुधा मोजणीत दडलेले असते. एखादे काम दर दहा सहस्रांश सेकंदांपैकी पाचच चालत असेल, तर सरासरी भार ५० टक्के दिसतो. ८० टक्क्यांची वाट पाहणारा गव्हर्नर स्वस्थ बसतो, आणि वापरणाऱ्यास मात्र प्रत्येक कळ दाबताना यंत्र अडखळल्यासारखे वाटते. प्रोसेसरला चार गाभे असतील आणि काम एका गाभ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारीत असेल, तर प्रत्येक गाभ्याच्या वाट्याला थोडाथोडा भार दिसतो व वेग कोणीच वाढवीत नाही. मोजणीचे अंतर फार कमी केले तर उलट व्याधी जडते. वेग सतत वर-खाली हिंदकळू लागतो. इंजिनाच्या गव्हर्नरला हीच व्याधी जडते, तिला मिस्त्री लोक ‘हंटिंग’ म्हणतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६८ साली गव्हर्नरवरील आपल्या निबंधात अशा हिंदकळण्याचे गणित मांडले होते. यंत्र बदलले, साधने बदलली. प्रश्न मात्र तोच राहिला.

मर्यादेचा प्रकार निराळा आहे. वीज वाचविणाऱ्या एखाद्या आज्ञावलीने बॅटरीवर असताना कमाल वेग खाली आणलेला असतो, आणि चार्जर लावल्यावर तो पूर्ववत् करावयाचा राहून जातो. कधी बायोसच ड्रायव्हरला कळविते की, वरच्या पायऱ्या सध्या वापरू नयेत. बॅटरी काढलेली असेल किंवा चार्जर कमी क्षमतेचा असेल, तर काही लॅपटॉप असे करतात. ही मर्यादा लिनक्सच्या नोंदींत वेगळी वाचता येते. तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची आज्ञाही जुन्या ड्रायव्हरला देता येते. परंतु ती देण्यापूर्वी विचार करावा. तेलाच्या इंजिनाचा गव्हर्नर तारेने बांधून ठेवला तर इंजिन जोरात पळते खरे, पण ते कोठे जाऊन थांबेल याची शाश्वती नसते. मर्यादा कोणी आणि का घातली हे कळल्याखेरीज ती उठवू नये.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. प्रोसेसर अतिशय तापला की तो स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग तोडतो, आणि असे किती वेळा झाले याची संख्या प्रणालीत नोंदलेली सापडते. पंख्याच्या जाळीत धूळ दाटली असेल तर ही संख्या भराभर वाढते. अशा वेळी ड्रायव्हरला दोष देणे व्यर्थ आहे; जाळी साफ करावी. पण यंत्र थंडगार असूनही वेग तुटलेला दिसला तर? प्रोसेसरला ‘तापला आहेस, थांब’ असे सांगणारी एक तार असते. पुष्कळ लॅपटॉपांत हीच तार बाहेरच्या भागांनाही ओढता येते, आणि विजेच्या पुरवठ्याविषयी शंका आली की मंडलपट्टी ती ओढते. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये वीज नेणाऱ्या दोन तारांखेरीज एक बारीक तिसरी तार असते. चार्जर किती वॅटचा आहे, हे ती लॅपटॉपला सांगते. ती तार तुटली, किंवा बाजारातून आणलेल्या स्वस्त चार्जरला ती नसलीच, तर लॅपटॉप चार्जरला ओळखत नाही आणि सावधगिरी म्हणून किमान वेगावर जाऊन बसतो. प्रोसेसर निर्दोष, ड्रायव्हर निर्दोष, आज्ञावली निर्दोष. आणि तरीही यंत्र मृतप्राय. हे ओळखण्याची कसोटी अगदी सोपी आहे. मूळ कंपनीचा, योग्य क्षमतेचा चार्जर कोणाकडून तरी घटकाभर मागून आणावा आणि पुन्हा तेच ठराविक काम करून वेळ मोजावा. जेथे हजारोंचा खर्च दिसत होता, तेथे एका तारेचा प्रश्न निघण्याचा संभव असतो.

चाचण्या करताना एक नियम मोडू नये: एका वेळी एकच बदल करावा. चार्जर बदलला, धूळ काढली आणि आवृत्तीही बदलली, मग यंत्र सुधारले, तर कशाने सुधारले हे कळत नाही. तोच दोष पुन्हा आला म्हणजे शोध पहिल्यापासून करावा लागतो.

या साऱ्यांतून दोष ड्रायव्हरमध्येच आहे असे ठरले, आणि जुन्या आवृत्तीत यंत्र नीट चालत होते असे आढळले, तर पुढली पायरी विलक्षण सुंदर आहे. लिनक्सच्या एका आवृत्तीपासून पुढच्या आवृत्तीपर्यंत दहा ते पंधरा हजार बदल होतात. त्यांतील दोषी बदल कसा हुडकावा? मळ्यातील लांब नळ कोठे तुंबला हे पाहण्यासाठी शेतकरी वीत-वीत तपासत नाही. तो मधोमध सांधा सोडतो. तेथे पाणी आले तर तुंबारा पुढच्या अर्ध्यात, नाही आले तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. बदलांच्या यादीवरही हीच रीत चालविता येते. प्रत्येक चाचणीत निम्मे संशयित सुटतात. त्यामुळे चौदा चाचण्यांत सोळा हजारांहून अधिक बदलांतून एक नेमका हाती लागतो. प्रत्येक वेळी प्रणालीचा गाभा नव्याने बांधावा लागतो, जुन्या लॅपटॉपवर त्यास तास दीड तासही लागू शकतो. तरी धीर धरणाऱ्याला उत्तर निश्चित मिळते.

दोषी बदल सापडला की तो देखभाल करणाऱ्यांस कळवावयाचा असतो. लिनक्सच्या वेग-व्यवस्थेची देखभाल पोलंडचे राफाएल विसोत्स्की आणि भारतीय अभियंता विरेश कुमार यांच्याकडे आहे. चांगल्या कळवण्यात यंत्राचा नमुना, प्रोसेसर, ड्रायव्हर व गव्हर्नर यांची नावे, वर सांगितलेले तीनही आकडे, नीट चालणारी शेवटची आवृत्ती आणि बिघडलेली पहिली आवृत्ती एवढे असावे. तर्क कमी असावेत, मोजमापे अधिक असावीत. दुरुस्ती स्वीकारली गेली म्हणजे कोणत्या जुन्या बदलातील चूक तिने सुधारली याची नोंद तिच्यासोबत कायमची राहते, आणि ती तपासून पाहणाऱ्याचे नावही तेथे लिहिले जाते.

येथे साधनहीन विद्यार्थ्याची बाजू अनपेक्षितपणे बळकट होते. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत नवी यंत्रे विपुल असतात. दहा वर्षांपूर्वीचा, चार हातांतून फिरलेला, एका विशिष्ट बायोसचा लॅपटॉप तेथे नसतो. तज्ज्ञाकडे ज्ञान असते, पण दोष दाखविणारे यंत्र नसते. ते यंत्र चिकोडीच्या किंवा निपाणीच्या एखाद्या मुलाच्या टेबलावर असते. त्याने शांतपणे मोजून, वहीत तारखेनिशी टिपून ठेवलेले दहा आकडे तज्ज्ञाच्या दहा तर्कांहून मोलाचे ठरतात, आणि त्यांवरून झालेली दुरुस्ती त्याच जातीच्या जगभरच्या सर्व यंत्रांना मिळते.

तेव्हा घरातील लॅपटॉप मंदावला तर त्याला मोडीत काढण्याची घाई करू नये. एक वही घ्यावी, एक काम ठरवावे आणि वेळ मोजावा. मागितले किती, मान्य झाले किती आणि मिळाले किती, हे तीन आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. ज्या दोन आकड्यांत अंतर पडलेले दिसेल, त्यांच्यामध्ये दोष आहे. तेथून पुढे हात घालावा तो चार्जरपासून. पैशाच्या पिशवीला सर्वांत शेवटी हात लावावा.